शब्दाचा माग

शब्द हा आकाशाचा गुण आहे, असें न्यायशास्त्राच्या पहिल्याच पोथींत आम्हीं लहानपणीं घोकलें होतें. तो गुण आकाश सोडून आमच्या सायकलींत येऊन कां बसला, हा प्रश्न गेल्या श्रावणापासून कार्तिकापर्यंत आम्हांस छळीत होता. वाचकांपैकीं जे सायकलीवर बसतात त्यांस या छळाची कल्पना ताबडतोब येईल. जे बसत नाहींत त्यांनीं एवढेंच मनांत आणावें कीं, रात्रीं घरांत कोठें तरी नळ ठिबकत आहे, तो कोणत्या मोरींतला हें कळत नाहीं, आणि पाहावयास उठलें कीं ठिबकणें थांबतें व अंथरुणास पाठ लावली कीं पुन्हां सुरू होतें.

हा शब्द 'टक्' असा होता. 'खट्' नव्हे, 'कट्' नव्हे, 'किर्र' तर नव्हेच. हा भेद आम्ही केवळ पंतोजीच्या संवयीनें करीत नाहीं. सायकलीचे शब्द पुष्कळ आहेत व प्रत्येकाचें घराणें वेगळें आहे. कोरडी सांखळी चिंवचिंवते. मडगार्डची तार सुटली तर तें खडखडतें. आंतला छर्रा फुटला तर जात्यांत वाळू सांपडल्यासारखी घरघर येते. पाय थांबवून सायकल नुसती जाऊं दिली म्हणजे मागच्या चाकांतून जी टिकटिक ऐकूं येते, ती तर दोष नसून गुण आहे. मागच्या चक्राच्या पोटांत स्प्रिंगेवर टेकलेले बारीक खटके असतात. कारागीर त्यांस कुत्रे म्हणतात. पाय चालू असतांना ते दांत्यांत अडकून चाकास ओढतात, आणि पाय थांबले कीं दांत्यांवरून घसरत टिकटिकत राहतात. ती टिकटिक बंद पडली तर मात्र काळजी करावी. आमचा 'टक्' या सर्वांहून निराळा होता. एकच, कोरडा, कोणीं अडकित्त्यानें सुपारी फोडावी तसा.

आमची सायकल १९८४ सालची, काळी, सळ्यांच्या ब्रेकची. दोन सारखीं चाकें, मध्यें पायडलें आणि सांखळीच्या योगानें मागच्या चाकास गति, ही जी घडण जॉन केंप स्टार्ले यानें १८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें लोकांपुढें आणली, तीच मूळ घडण हिची आहे. घड्याळाचें यंत्र डबींत झांकलेलें असतें, मोटारीचें टोपणाखालीं असतें. सायकलीचें मात्र सगळें उघड्यावर. हिच्यांत गुप्त असें कांहींच नाहीं, असा आमचा चाळीस वर्षांचा समज होता. त्यामुळें हिच्या अंगांतला आवाज हिच्या धन्यास सांपडूं नये, हा एक प्रकारचा अपमानच आम्हांस वाटूं लागला.

आम्ही वाईस राहतों. सायंकाळीं मेणवलीपर्यंत जाऊन यावें, नाना फडणिसांनीं बांधलेल्या घाटावर घटकाभर बसावें, वसईच्या १७३९ च्या विजयांत हातीं आलेली ती पोर्तुगीज घंटा एकदां डोळ्यांखालून घालावी आणि दिवेलागणीस घरीं परतावें, असा नेम आहे. श्रावणांतल्या पहिल्या सोमवारीं या वाटेवर, किंचित् चढ लागतांच, पायांखालून 'टक्' असें ऐकूं आलें. थोडें पुढें जातों तों पुन्हां 'टक्'. परत येतांना उतार होता, तेव्हां आवाज नाहीं. दुसऱ्या दिवशीं चढावर पुन्हां तेंच.

आतां, त्याच्या पंधराच दिवस आधीं आम्हीं ही सायकल नेहमींच्या दुकानीं उघडून साफ करण्यास दिली होती. दुकानदार आमचाच जुना विद्यार्थी. त्यानें तें काम हाताखालच्या पोराकडे सोंपविलें होतें. पोर सतरा-अठरा वर्षांचा, अबोल, हातांस कायमचें काळें लागलेलें. त्यानें पायडलांच्या आंसाचे छर्रे धुऊन नवें ग्रीस भरलें आणि दोन्ही क्रँकच्या कॉटरी नव्या घातल्या. आधीं दुरुस्ती, मग आवाज. म्हणून दुरुस्तीमुळें आवाज. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली म्हणजे फळ कावळ्यानें पाडलें असें समजूं नये, हा काकतालीय न्याय आम्ही मुलांना इतकीं वर्षें शिकवीत आलों; पण स्वतःच्या सायकलीवर बसलें असतां कावळा कोणास दिसतो?

तरी एकदम दोष देऊं नये म्हणून आम्हीं शोधास पद्धतशीर आरंभ केला. सायकल स्टँडवर चढवून हातानें पायडल फिरविलें. आवाज नाहीं. उलटें फिरविलें. नाहीं. नातीस अंगणांत चालवावयास सांगितली; तिच्या पायांखालीं सायकल मुनिव्रत धरून राहिली. आमची सायकल तिच्या नित्याच्या वापरांतली आहे. ती नववींत असून तिची जुनी सायकल तिला लहान पडूं लागल्यापासून सकाळीं शाळेस आमचीच नेते. "आजोबा, मला तर कधींच ऐकूं येत नाहीं," असा तिनें निर्वाळा दिला. तेव्हां माजघरांतून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, सायकल कसली वाजते? तुमचे गुडघेच वाजत असतील."

शास्त्रांत पूर्वपक्षास उत्तर दिल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. म्हणून आम्ही माडीचा जिना अकरा वेळां चढून उतरलों. गुडघे वाजत होते, हें कबूल केलें पाहिजे. पण त्यांचा शब्द 'कट्' असा होता. आणि 'कट्' व 'टक्' यांत वर्ण तेच असले तरी क्रम उलटा आहे, हें व्याकरण शिकलेल्यास सांगावयास नको. गुडघ्यांस त्या दिवसापुरतें निर्दोष ठरवून आम्हीं मोजणीस सुरुवात केली.

सायकलीच्या आवाजाचें मूळ शोधण्यास मोजणीसारखें साधन नाहीं, आणि तें फुकट आहे. आमच्या सायकलीच्या पुढच्या चक्रास ४८ दांते, मागच्यास १८. म्हणजे पायडलाचा एक फेरा झाला कीं मागचें चाक २⅔ फेरे फिरतें. सांखळीच्या कड्या आम्हीं खडूनें खूण करून मोजल्या, ११२ भरल्या. म्हणजे सांखळीची तीच कडी त्याच जागीं परत यावयास पायडलाचे २⅓ फेरे लागतात. तेव्हां आवाज एका फेऱ्यांत दोन-तीनदां येत असेल तर तो मागच्या चाकाचा. दोन फेरे सोडून तिसऱ्यांत केव्हां तरी येत असेल तर सांखळीच्या एखाद्या अवघडलेल्या कडीचा. आणि दर फेऱ्यास नेमका एक येत असेल तर पायडल, क्रँक किंवा त्यांचा आंस यांपैकीं एकाचा. मेणवलीच्या चढावर आम्हीं अर्धी माळ, म्हणजे ५४ फेरे मोजले. 'टक्' ५४ च झाले. शिवाय प्रत्येक 'टक्' उजवा पाय माथ्यावरून खालीं दाबूं लागतांच येत होता. आतां संशयास जागाच उरली नाहीं. उजवी कॉटर.

कॉटर म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढी, एका अंगानें तिरकी तासलेली पोलादी खीळ. क्रँकच्या भोकांतून ती आंसाच्या खांचेवर ठोकून बसवितात आणि मागून नट आवळतात. खरें काम ठोकण्याचें. नट तिला फक्त मागें सरूं देत नाहीं. ठोकण्यांत कसर ठेवून नुसता नट आवळला, तर कांहीं दिवसांनीं खीळ सैल होते आणि पायाचा जोर पडला कीं 'टक्' करते. हें ज्ञान आम्हांस आहे याचा आम्हांस अभिमान होता. आणि तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां, दुकानांत चार गिऱ्हाइकें उभीं असतांना, आम्हीं प्रकट केला.

"अरे," आम्ही दुकानदारास म्हणालों, "तुझ्या या पोरानें कॉटर ठोकलीच नाहीं. नुसता नट आवळून मोकळा झाला. चालत्या सायकलीवरून माणूस पडला असता म्हणजे?"

पोर चाकाच्या तारा ओढीत बसला होता. तो मान वर करून म्हणाला, "गुरुजी, कॉटर मी ठोकली होती."

"आवाज खोटें बोलत नाहीं, बाळ," आम्ही म्हणालों.

त्यावर गिऱ्हाइकांतला एक जण हंसला. दुकानदारानें पोरास चार शब्द सुनावले. ते येथें लिहिण्यासारखे नाहींत. वर, नव्या कॉटरींचे पैसे त्याच्या आठवड्याच्या हिशेबांतून कापीन, असें तो म्हणाला. आम्ही कांहीं बोललों नाहीं. शिस्त ही लागलीच पाहिजे, असें आम्हांस त्या वेळीं वाटत होतें.

कॉटरी बदलल्या. दुकानदारानें स्वतः ठोकल्या. सायंकाळीं चढ लागला आणि 'टक्'.

पुढील दीड महिन्याचा इतिहास थोडक्यांत सांगतों, कारण तो सांगतांना आमचा तोंडवळा वाचकांस दिसत नाहीं हेंच बरें. उजवें पायडल बदललें; टक्. डावेंही बदललें, टक्. आंस, त्याच्या वाट्या आणि सगळे छर्रे नवे घातले, टक्. भाद्रपदांत गणपति येऊन गेले, आश्विनांत आम्हीं मागच्या चाकाचें चक्रसुद्धां बदलून घेतलें, यद्यपि आमच्याच गणितानें त्याचा कांहीं संबंध नव्हता, टक्. सौभाग्यवतींनीं एकदां खर्चाची वही पुढें ओढून विचारलें कीं, या एका टकाचे रुपये किती झाले. प्रश्न रास्त होता व त्यावरील श्लेष आम्हांसही आवडला; उत्तर मात्र दिलें नाहीं.

नातीनें एक युक्ति काढली. मोबाइलमध्यें आवाज भरून घेतां येतो. तो रुमालानें सायकलीच्या निरनिराळ्या नळ्यांस बांधून चालवावें आणि जेथें आवाज सर्वांत मोठा तेथें मूळ समजावें. युक्ति शास्त्रशुद्ध होती. पांच ठिकाणीं बांधून पाहिला, पांचही ठिकाणीं 'टक्' सारखाच. शब्द पसरतो कसा, याविषयीं जुन्या नैयायिकांत दोन पक्ष होते: कोणी म्हणत, पाण्यावर लाटेमागून लाट जावी तसा; कोणी म्हणत, कदंबाचें फूल जसें चहूं बाजूंस एकदम उमलतें तसा. आमचा शब्द कदंबपक्षाचा निघाला. पोलादांतून ध्वनि सेकंदास सुमारें ५००० मीटर वेगानें जातो, म्हणजे हवेंतल्या वेगाच्या जवळजवळ पंधरा पट. असल्या पोकळ नळ्यांच्या चौकटींत एका टोंकास कोणीं टिचकी मारली तर सगळी चौकटच वाजते. तेथें मूळ शोधणें म्हणजे ओरडणाऱ्या जमावांत पहिला कोण ओरडला हें शोधणें.

आणि कानांचें म्हणाल तर त्यांची साक्ष याहून लंगडी. डावीकडून वा उजवीकडून आलेला आवाज एका कानास दुसऱ्याच्या किंचित् आधीं पोंचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असतो, पण मुख्यतः अशा फरकांवरूनच मेंदू दिशा ठरवितो. आवाज आपल्या नाकाच्या रेषेंत, म्हणजे थेट समोर, थेट पाठीमागें किंवा थेट खालीं झाला, तर तो दोन्ही कानांस एकाच क्षणीं मिळतो, आणि मग पुढचें कोणतें व मागचें कोणतें हें मेंदूस नीटसें उमगत नाहीं. सायकलीची सगळी चौकट, हँडलच्या सांध्यापासून मागच्या चाकापर्यंत, स्वाराच्या नाकाच्या रेषेंतच असते! आवाज पायांखालून येतो ही जी आमची बालंबाल खात्री होती, ती कानांनीं दिलेली नव्हती. कॉटरीविषयीं आम्हांस जें ठाऊक होतें त्यानें ती दिली होती.

हें वाचलें त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. कारण सायकल नव्हे. तीसेक वर्षांपूर्वींचा एक वर्ग आठवला. आम्ही सातवीच्या मुलांकडे पाठ करून फळ्यावर समास लिहीत होतों. जत्रेंत पत्र्याचा बेडूक मिळतो. पोटाची पट्टी दाबली कीं टक्, सोडली कीं टक्. तो कोणीं तरी वाजविला. वळून पाहिलें, सगळे चित्रासारखे. पुन्हां फळ्याकडे वळलों, पुन्हां टक्. आवाज मधल्या रांगेंतून, तिसऱ्या बांकावरून आला अशी आमची खात्री झाली, आणि वळलों तों तिसऱ्या बांकावरचा मुलगा हंसत होता. "मी नाहीं, गुरुजी," एवढें तो एकदांच म्हणाला. पांच छड्या दिल्या. दिवाळीच्या सुटीनंतर तो बेडूक दुसऱ्याच एका मुलाच्या दप्तरांतून खालीं पडला. आम्हीं तो उचलून टेबलाच्या खणांत टाकला आणि धडा पुढें चालविला. गुरुजींनीं मुलाची क्षमा मागावी अशी रीत नव्हती, असें आम्हीं तेव्हां स्वतःस सांगितलें. तो मुलगा वर्ष संपेपर्यंत आमच्याकडे पाहून उत्तर देत नसे. पाठ फिरविलेल्या माणसास मधल्या रांगेंतला आवाज पुढून आला कीं मागून, तिसऱ्या बांकावरून कीं सातव्या, हें कळूंच शकत नाहीं, हें आज पुस्तकांत वाचलें. पांच छड्या मात्र तेव्हांच देऊन झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं दुकानावर गेलों. मालक जेवावयास गेला होता. पोर एकटाच होता. आम्हांस पाहून त्यानें हातांतला पाना खालीं ठेवला व उभा राहिला. आम्हीं विषय काढण्याआधींच तो म्हणाला, "अजून वाजते ना?"

"वाजते."

"गुरुजी, रागावणार नसाल तर एक विचारूं? उभं राहून चालवली तरी वाजते का?"

हें आम्हीं कधीं करून पाहिलें नव्हतें. वयाच्या साठीनंतर सायकलीवर उभें राहण्याचा प्रसंग येत नाहीं. दुकानापासून वर देवळाकडे जाणारा एक चढ आहे. तेथें पोरानें पाठीमागून धरले असतां आम्ही बैठकीवरून उठून चार फेरे मारले. वाजली. "म्हणजे सीट नाहीं, सीटखालची दांडी नाहीं," तो म्हणाला. "आतां बसा, आणि उजवा हात सोडा." सोडला. 'टक्' गेला. आम्हांस खरें वाटेना, पुन्हां केलें. उजवा हात हँडलवर असला कीं आवाज, नसला कीं नाहीं. मग त्यानें दोन्ही हात नुसते तळव्यांनीं टेकून, हँडल न ओढतां, चालवावयास सांगितलें. आवाज नाहीं.

येथें आमच्या अनुमानाचें कोठें चुकलें होतें तें सांगितलें पाहिजे. विस्तवावरून धुराचें अनुमान करूं नये, कारण तापलेल्या लोखंडांत विस्तव आहे व धूर नाहीं. धुरास ओलें सर्पण लागतें. शास्त्रांत त्या ओल्या सर्पणास उपाधि म्हणतात. दर फेऱ्यास एक 'टक्', म्हणून पायडलांत दोष, या अनुमानांतही असें ओलें सर्पण दडलेलें होतें. उजवा पाय खालीं दाबतांना मनुष्य नकळत उजव्या हातानें हँडल आपल्याकडे ओढतो. जोर जितका अधिक तितकी ओढ अधिक. पायडल फेऱ्यागणिक एकदां खालीं जातें, म्हणून हातही फेऱ्यागणिक एकदां ओढतो. मोजणी अचूक होती. तिनें आवाज केव्हां होतो तें सांगितलें होतें. कोठें होतो तें आम्ही पदरचें घालून बसलों होतों. नात हलकी, ती हँडल ओढीत नाहीं. म्हणून तिच्या हातीं मौन. हें सर्व ज्या पोरास एका वाक्यांत कळलें तो नववीनंतर शाळा सोडून बसलेला होता.

त्यानें पुढचें चाक भिंतीस टेकवून दोन गुडघ्यांत धरलें आणि हँडलची उजवी मूठ वर उचलून ओढली. 'टक्'. पायडल तसूभरही हललें नव्हतें.

"हें काय बांधलंय, गुरुजी?"

हँडलचा आडवा दांडा जेथें उभ्या दांडीस जोडलेला असतो, त्या सांध्यास उजवीकडून जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. ती आम्हींच गुंडाळली होती. चार वर्षांपूर्वीं. बाजारच्या दिवशीं भाजीची पिशवी तेथें अडकवावयाची, ती घसरूं नये म्हणून. पांच-सात किलोंचें ओझें खड्ड्याखड्ड्यांतून तेथें आदळत होतें, आणि रबराखालीं चार पावसाळ्यांचें पाणी मुरत होतें. पोरानें पट्टी सोडली. तांबडें गढूळ पाणी त्याच्या बोटांवर आलें. त्यानें चिंधीनें सांधा पुसला आणि आम्हांस वांकून पाहावयास सांगितलें. केसाएवढी काळी रेघ सांध्याच्या कडेनें निघून अर्ध्याहून अधिक वळसा घालून गेली होती. मूठ उचलली कीं रेघ उघडे, सोडली कीं मिटे. आणि मिटतांना तिच्या दोन कडा एकमेकींवर घसरून म्हणत, 'टक्'.

दहा जण नदी उतरून गेले आणि प्रत्येकानें मोजले ते नऊच भरले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आम्हीं सायकलीचा प्रत्येक भाग मोजला होता; आमच्या हातानें बांधलेला तेवढा सोडून.

पण हें सुचलें तें नंतर. त्या क्षणीं एवढेंच डोळ्यांपुढें आलें कीं, सकाळीं सातास नात याच हँडलवर हात ठेवून, पाठीवर दप्तर घेऊन, कृष्णेच्या पुलाकडचा उतार उतरून गेली होती. काल गेली होती. परवाही. उतारावर पुढचा ब्रेक दाबतांना सगळा भार हातांवर येतो. आम्ही दुकानांतल्या लांकडी खोक्यावर बसलों. पोरानें पाणी आणून दिलें. "अजून महिना-दोन महिने निघाले असते," तो म्हणाला. आमची समजूत घालण्यासाठींच म्हणाला असावा. मग जरा थांबून, "नसतेही," असें म्हणाला.

नवें हँडल बसवीपर्यंत मालक जेवून आला. दोन गिऱ्हाइकेंही आलीं. पूर्वीं चौघांपुढें बोललों होतों, आज दोघेच होते. पण जे आहेत त्यांच्यापुढें बोलणें भाग होतें. एका शब्दामागें आम्हीं तीन महिने घालविले होते, आणि आतां स्वतःच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटीं म्हणालों कीं, "कॉटर यानें नीट ठोकली होती. चूक आमची होती. त्या दिवशीं बोललों तें वावगें बोललों." मालक हंसून म्हणाला, "राहूं द्या हो गुरुजी, पोरांना थोडं बोलावंच लागतं." आम्हीं कॉटरींचे पैसे वेगळे काढून पोराच्या हातांत दिले. त्यानें मालकाकडे पाहिलें, मालकानें मान हालविली, तेव्हां घेतले. मग तो आंत गेला आणि जुन्या नटबोल्टांच्या डब्यांतून एक खीळ शोधून घेऊन आला.

"ही तुमची उजवी," तो म्हणाला. "ठेवली होती मी."

खिळेच्या डोक्यावर हातोडीच्या घावांची चकाकी स्वच्छ होती. ठोकल्याशिवाय ती येत नाहीं. ज्या दिवशीं कॉटर काढली त्या दिवशीं ती आमच्या समोरच तीन हातांवर पडली होती. हातांत घेऊन पाहिली असती तर तेव्हांच दिसली असती. पोरानें ती दाखविण्याकरितां ठेवली होती. आम्हीं विचारलें नाहीं, म्हणून त्यानें दाखविली नाहीं.

आतां भाजी मागच्या कॅरिअरवर येते. रबराची पट्टी कचऱ्यांत गेली. तिसऱ्या बांकावरच्या मुलाचा पत्ता दुकानदाराजवळ निघाला, कारण ते दोघे एकाच वर्गांतले. त्यास पत्र लिहिलें. दोनदां लिहून फाडलें, तिसऱ्यांदां पेटींत टाकलें. उत्तर अजून नाहीं, आणि तें यावें असा आमचा हक्कही नाहीं.

परवांपासून चढावर पुन्हां कांहीं तरी वाजूं लागलें आहे. या खेपेस 'खर्र' असा शब्द आहे. सौभाग्यवती म्हणतात मडगार्ड. नात म्हणते चेनकव्हर. आमचेंही एक मत आहे, पण उद्यां दुपारीं पोराकडे सायकल नेईपर्यंत तें कोणास सांगावयाचें नाहीं असें ठरविलें आहे.